छत्रीचा निरोपसमारंभ

मी स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस नाही. पण ओसाकात उतरा, शिन्सेकाईत या आणि कुणालाही विचारा, "मोठी छत्री कुठे आहे हो?" दारू पिऊन भिंतीला टेकलेला माणूससुद्धा भिंत सोडून बोट दाखवेल. आमच्या मनोऱ्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तो उंच आहे, त्याचे फोटो निघतात, रात्री त्याच्या टोकावर दिवा लागतो आणि दिव्याच्या रंगावरून उद्या ऊन की पाऊस ते फुकट कळतं. पण "मनोऱ्याखाली भेटू" असं ठरवलेली माणसं एकमेकांना भेटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चारी बाजूंना रस्ते. एक या पायाशी उभा, दुसरी त्या पायाशी. छत्रीखाली भेटायचं ठरवलं की माणसं भेटतात. आमच्या गल्लीतली कितीतरी लग्नं माझ्या छत्रीखाली जमली आहेत, आणि जी मोडली त्यांना छत्री जबाबदार नाही.

तर ही छत्री माझ्या आजोबांनी केली. 'होरिउची छत्री भांडार'च्या दारावर, गल्लीच्या डोक्यावर बाहेर आलेली, लोखंडी काड्या, लाल मेणकापड. खाली एखादं कुटुंब सामानासकट उभं राहील एवढी. आत दुकानात दोर आहे, तो ओढला की उघडते, सैल सोडला की मिटते. रोज सकाळी मी ती उघडतो आणि संध्याकाळी मिटतो. आमच्या धंद्यात हल्ली तेवढीच एक गोष्ट नेमाने होते. बाकी लोक पाऊस आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकची काठी घेतात आणि तिला छत्री म्हणतात. जाऊ द्या, माझा रक्तदाब वाढतो.

गेल्या वसंतात एका सकाळी छत्री अर्ध्यावर अडकली. धड उघडेना, धड मिटेना. माझी बायको सुमिए चहाचा कप घेऊन बाहेर आली, वर बघितलं आणि म्हणाली, "तेल घाला आणि मोकळे व्हा."

हेच. या एका वाक्याने सगळं सुरू झालं, हे मी नंतर तिला बरेच वेळा दाखवून दिलं आहे.

तेल घालायचं म्हणजे कोणीतरी वर चढायला हवं. माझ्या गुडघ्यांचा या कामाला विरोध होता, म्हणून मिस्त्री बोलावला. त्याने वर बघून दातातून हवा ओढली. आमच्याकडे मिस्त्रीने दातातून हवा ओढली की समजायचं, तेलावर भागत नाही. "वर उभं राहायला पाळणा बांधावा लागेल. ठोकाठोकी होईल. आणि पाळणा रस्त्यावर येणार, म्हणजे वॉर्ड ऑफिसातून परवानगी आणा."

तोवर गल्ली जमली होती. समोरच्या तळणाच्या दुकानाचे मालक कुवाबारा, हे आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. काडीला मांस, कांदा, कमळाचा कंद, जे हाताला लागेल ते खोचून तळायचं आणि गिऱ्हाइकाने एकदा चावलेली काडी पुन्हा सॉसच्या भांड्यात बुडवली तर त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करायचा, हा त्यांचा धंदा. ते म्हणाले, "होरिउचीसान, मिस्त्री-बिस्त्री राहू द्या. मनोऱ्यावर जाऊन त्या बिलिकेन देवाचे तळपाय चोळून या."

"देवाचे पाय चोळून गंज निघतो का?"

"माझ्या मेहुण्याचं पाठदुखीचं दुखणं गेलं."

शेजारच्या कॉफीच्या दुकानातल्या वाकिसाका आजी दारातूनच म्हणाल्या, "तुझ्या मेहुण्याची पाठ लोखंडाची आहे का रे? होरिउचीसान, तुम्ही गरम पाणी ओता." कोपऱ्यावरच्या न्हाव्याने केसांना लावायचं तेल देऊ केलं. त्याच्या स्वतःच्या डोक्याकडे बघून मी नम्रपणे नको म्हटलं.

ऑफिसात इगाराशी नावाचा तरुण कारकून होता. फार सभ्य. इतका सभ्य की वाईट बातमी सांगतानाही वाकत होता, त्यामुळे मलाही वाकावं लागलं, आणि आम्ही दोघं वाकलेल्या अवस्थेत बोललो. पाळण्याची परवानगी त्याने लगेच दिली. मग संगणकात बघत म्हणाला, "क्षमा करा, पण आपली ती जी वस्तू आहे, ती आमच्याकडे छत म्हणून लागलेली आहे. उघडझाप करणारं कापडी छत."

"छत्रीच आहे ती."

"हो. पण आता ती उघडत नाही असं आपणच म्हणालात. उघडत नसेल तर ते छत नाही, तो फलक झाला. आणि एवढ्या मापाचा फलक त्या गल्लीत चालत नाही. काढून टाकावा लागेल."

मी म्हटलं, "अहो, चार दिवसांत उघडेल."

"मग काहीच प्रश्न नाही," तो पुन्हा वाकला. "मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वतः बघायला येईन. माझ्यासमोर उघडली की झालं."

गेलो होतो तेल घालायला, आणि परत आलो ते आजोबांच्या छत्रीच्या जिवावर बेतवून.

आता ठोकाठोकी होणार म्हणजे आधी शेजाऱ्यांकडे जाऊन यायला हवं. ही आमच्याकडची रीत. समोरची तीन घरं, दोन्ही बाजूंची एकेक, सगळ्यांना एकेक टॉवेल द्यायचा, वाकायचं, "त्रास होईल, सांभाळून घ्या" म्हणायचं. टॉवेलवर कागदाचा पट्टा, पट्ट्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ छापलेली, आणि गाठीच्या वर शाईने 'नमस्कार' एवढंच लिहायचं. सुमिए त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. पण टॉवेल गुंडाळायला बायको कशाला लागते? कपाटात पुतणीच्या लग्नातले पट्टे उरलेले होते. तेच काढले, माझ्या अक्षरात 'नमस्कार' लिहिलं (माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं), आणि वाटून आलो.

सगळ्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, गाठीकडे बघितलं आणि गप्प झाले. कुवाबारा, ज्यांना गप्प बसवायला आजवर आजारपण पुरलं नव्हतं, ते म्हणाले, "असं का. बरं. कधी, म्हणता?"

"शेवटच्या रविवारी ऑफिसातला माणूस येतोय. त्या दिवशी छत्रीचं काय ते होऊन जाईल."

"समजलो," ते म्हणाले, आणि मला आतून गरम गरम काड्यांचं पुडकं बांधून दिलं. पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, माणसाचा स्वभाव वयाबरोबर सुधारत असेल.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीचं वागणं बिघडलं, म्हणजे चांगलं झालं. वाकिसाका आजींनी मुळ्याचं लोणचं आणून दिलं. न्हाव्याने छत्रीचा जुना फोटो चौकटीत घालून आणला. मिस्त्री वर ठोकत होता तरी कोणी तक्रार करेना. उलट खाली उभं राहून टोपी काढत. आणि गिऱ्हाईक! वर्षभरात दुकानात न फिरकलेले लोक यायचे, छत्री निवडायचे, भाव न करता घ्यायचे आणि माझा हात धरून म्हणायचे, "तब्येतीला जपा." मनोऱ्याचा दिवा रोज कोरड्या दिवसाचा रंग दाखवत होता आणि माझ्याकडे छत्र्या संपत होत्या. मी सुमिएला म्हटलं, "बघ. मालाचा दर्जा शेवटी लोकांना कळतोच."

मग घरमालकीणबाईंचा फोन आला. दुकानाची जागा त्सुबोईबाईंची. वय झालेलं, राहतात लांब, टेकडीवरच्या बंगल्यांच्या वस्तीत; भाडं वेळेवर गेलं की वर्षवर्ष आवाज नाही. त्या म्हणाल्या, "होरिउचीसान, तुम्ही दुकान बंद करताय हे मला गल्लीकडून कळावं? तुमच्या वडिलांपासूनची ओळख आपली."

मी म्हटलं, "कोण बंद करतंय?"

"अहो, रविवारी तुमचा निरोपसमारंभ आहे ना? कुवाबारांनी मला आमंत्रण दिलंय. वाजंत्री पण सांगितलीय म्हणे. मी तोक्योच्या एका कॉफी कंपनीला जागेचा शब्द दिला. त्यांचा माणूस रविवारीच यायचाय. आता काय करू मी?"

मी फोन खाली ठेवला तेव्हा सुमिए माझ्या मागे उभी होती. तिच्या हातात कपाटातला उरलेला पट्टा होता.

"अहो," ती म्हणाली, "टॉवेलवर तुम्ही हे लावलंत?"

"मग? कोरे होते. वाया का घालवायचे?"

"ही निरगाठ आहे."

इथे थोडं सांगायला हवं. पट्ट्यावर गाठी दोन तऱ्हेच्या असतात. एक सुरगाठ, ओढली की सुटते. ती पुन्हा पुन्हा यावेत अशा प्रसंगांना. दुसरी निरगाठ, बसली की सुटत नाही. ती एकदाच व्हायच्या गोष्टींना, लग्नाला, मोठ्या दुखण्यातून उठल्यावर. शेजाऱ्यांना 'त्रास होईल' सांगायला सुरगाठ लावतात. आणि मी, ज्याची छत्री आठवडाभर उघडली नव्हती, घरोघर जाऊन निरगाठ देऊन आलो होतो. वर 'नमस्कार'. तोही चांगल्या अक्षरात. दुकानदाराचा हा असा नमस्कार एकदाच असतो, दुकान बंद करताना.

"पण मला कोणी विचारलं का नाही?" मी म्हटलं.

सुमिएने पट्टा कपाटात परत ठेवला. खरं तर मला उत्तर माहीत होतं. आमच्या गल्लीत लोक तुमचं वजन, तुमचं टक्कल, तुमच्या पोराचा पगार भर रस्त्यात विचारतील. पण दुकान बंद होतंय का, हे विचारत नाहीत. चपलांचं दुकान गेलं, पंख्यांचं गेलं, बुद्धिबळाचा जुना अड्डा गेला, तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. शटर खाली आलं की मान लववायची आणि पुढे जायचं.

मला खरं लागलं ते वेगळंच. सगळ्यांनी इतक्या सहज विश्वास कसा ठेवला? एकाला तरी वाटायला हवं होतं ना, की होरिउची दुकान बंद करेल हे शक्यच नाही? रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठलो ते ठरवूनच, एकेकाला गाठून खरं सांगायचं.

आधी वाकिसाका आजींकडे गेलो. म्हटलं, "आजी, ते टॉवेलचं जरा..." आजी म्हणाल्या, "रोज उशाशी ठेवते हो तो टॉवेल." बाहेर आलो. न्हाव्याकडे गेलो तर तो माझ्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, "तुम्ही गेल्यावर कुणाला चिडवायचं आम्ही?" त्या अवस्थेत मान हलवणं शहाणपणाचं नव्हतं. कुवाबारांकडे गेलो तर ते कढईमागे उभे राहून कागदावरून भाषण पाठ करत होते. मला बघताच कागद पिठाच्या डब्यात लपवला. माणूस आपल्यासाठी भाषण पाठ करतोय आणि आपण त्याला सांगायचं की नको? दुपारी पुन्हा जायचं ठरवलं, पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक होतं.

बुधवारी संध्याकाळी सुमिए म्हणाली, "अजून नाही सांगितलंत?"

"रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. एकदाच."

"आणि त्सुबोईबाईंना?"

त्यांना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, शब्द दिलाय तो असा फोनवर कसा मोडू, रविवारी येते, कंपनीच्या माणसालाही आणते, काय ते तिथेच बघू. म्हणजे रविवारी एकाच वेळी माझा निरोपसमारंभ होता, ऑफिसची तपासणी होती आणि माझ्या जागेचा निकाल होता. छत्री उघडली नाही तर ती उतरणार. छत्री उतरली तर त्या जागेत छत्री भांडार राहिलं काय आणि कॉफी आली काय, त्सुबोईबाईंना सारखंच. आणि पुढे शनिवारी मिस्त्रीने पाळणा सोडताना सांगितलं, "माझ्याकडून झालं ते झालं. बाकी जोर लावून बघा."

त्या बुधवारी मात्र सुमिए "ठीक आहे" म्हणाली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सार्वजनिक न्हाणीघरात गेली. नेहमीपेक्षा बराच उशीर लावून आली. मी तिला त्यावरून बोललोही.

रविवारी गल्ली सजवली होती. वाजंत्रीवाले रंगीत किमोनो घालून, पोटावर ढोल आणि झांजा बांधून तयार. तळण मंडळाकडून, कॉफी आजींकडून. इगाराशी काळ्या सुटात आला आणि वाजंत्री बघून दोन पावलं मागे गेला. त्सुबोईबाई काठी टेकत आल्या, शेजारी तोक्योचा माणूस, हातात मोजमापाची टेप. तो आल्या आल्या माझ्या छत्रीकडे बघून म्हणाला, "हे काढून घेणार ना आपण?" तोक्योच्या लोकांना मी पटकन उत्तर देत नाही.

कुवाबारा खोक्यावर चढले. खिशातून कागद काढला, कागदातून पीठ सांडलं.

"ही छत्री," ते म्हणाले, "मनोऱ्याएवढी उंच नाही. पण मनोरा आपल्याला उद्या पाऊस आहे एवढंच सांगतो. पावसात उभं राहायला जागा ही छत्री देते. मी तरुणपणी इथे आलो तेव्हा खिशात काही नव्हतं, अंगावर भिजलेला शर्ट. या छत्रीखाली उभा राहिलो. होरिउचीसान बाहेर आले. मला वाटलं हाकलतील. त्यांनी आतून स्टूल आणून दिलं आणि म्हणाले, उभा राहिलास तर गिऱ्हाइकाला अडचण होते, बस. असा हा खडूस माणूस. यांचा मला रोज राग येतो. पण शिन्सेकाईत माझं पहिलं घर ही छत्री आहे."

मला ते स्टूल आठवतही नव्हतं. डोळ्यांत तळणाचा धूर गेला असणार. आता गप्प राहणं म्हणजे चोरी होती. मी दुसऱ्या खोक्यावर चढलो, तीनदा घसा खाकरला आणि म्हटलं, "मंडळी, चूक माझी आहे. पट्टा चुकला. मी दुकान बंद करत नाहीये."

मी डोळे मिटून घेतले. मग वाकिसाका आजींचा आवाज आला, "ते माहीत आहे हो. तुम्ही उतरा आता, दोर कुठे आहे तो दाखवा."

मी सुमिएकडे बघितलं. ती आभाळाकडे बघत होती. न्हाणीघरात बायकांच्या बाजूला बुधवारीच सगळं सांगून झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते बायकांना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. माहीत नव्हतं ते फक्त इगाराशीला आणि तोक्योच्या माणसाला.

दोर बाहेर काढला. आधी कुवाबारांनी धरला, मग न्हाव्याने, मग मिस्त्रीने, आजींनी, ढोल काढून ठेवून वाजंत्रीवाल्यांनी. मी सगळ्यात पुढे. ते माझं मानाचं ठिकाण, ते मी कुणाला दिलं नसतं. गल्लीभर रांग लागली. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला वर काहीतरी कण्हलं. तिसऱ्या ओढीला एवढा मोठा आवाज झाला की मला वाटलं दर्शनी भिंतच खाली आली, आणि आमच्या सगळ्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांवर गंजाचा पाऊस पडला. वर बघितलं तर माझी छत्री उघडलेली. पूर्ण. कितीतरी वर्षांत एवढी ताणून उघडली नव्हती. सगळी गल्ली लाल उजेडात उभी होती.

इगाराशीने खांद्यावरचा गंज झटकला. "उघडली," तो वाकून म्हणाला. "आता कृपया मिटून दाखवा."

दोर सैल सोडला. छत्री जागची हलली नाही. सगळ्यांनी मिळून झटका दिला. काही नाही. मिस्त्रीने वर बघून दातातून हवा ओढली.

सगळे इगाराशीकडे बघत राहिले. तो छत्रीकडे बघत होता, मग रांगेकडे, मग आपल्या लाल झालेल्या बाह्यांकडे. बराच विचार करून म्हणाला, "मी उघडते का, ते बघायला आलो होतो. मिटते का, हे बघायची तारीख मला अजून मिळालेली नाही." आणि तो इतका खाली वाकला की मलाही पाठ मोडेपर्यंत वाकावं लागलं.

तोक्योचा माणूस त्सुबोईबाईंना काहीतरी हळू आवाजात सांगत होता. बाई कानाला हात लावून ऐकत होत्या. मग त्यांनी काठीने वर दाखवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तिला मिटायला एवढी गल्ली पुरली नाही, तिथे मी एकटी म्हातारी काय करणार? मला शब्द परत घेऊ द्या." त्याने आपली टेप मिटली. टेप मिटते, हे मी लक्षात घेतलं. नंतर त्याने दोन काड्या खाल्ल्या, आणि दुसरी चावून पुन्हा सॉसमध्ये बुडवायला गेला तेव्हा कुवाबारांनी त्याचं जे केलं ते इथे लिहीत नाही.

सगळं ओसरल्यावर मी कुवाबारांना गाठलं. म्हटलं, "तुम्हाला बुधवारीच कळलं होतं. मग ते भाषण?"

"केलं की."

"म्हणजे खोटं होतं का?"

कुवाबारा कढई घासत होते. वर न बघता म्हणाले, "माहीत होतं म्हणून तर बोलता आलं. खरंच जाणार असतात तर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नसता."

मी बरं म्हटलं, रस्ता ओलांडून दुकानात आलो आणि विकायला एकही छत्री उरलेली नसताना उगाच रिकामी फडताळं पुसत बसलो.